ट्रकच्या इंजिनातील कॅमशाफ्ट व झडपांच्या स्प्रिंगा : तपासणी आणि बदल

बेळगावहून चोर्ला घाट उतरून साखळीकडे येणारा मालाने भरलेला ट्रक पाहिला, म्हणजे सामान्य माणसाचे लक्ष त्याच्या चाकांकडे व ब्रेककडे जाते. परंतु त्या उतारावर चालकाला खरा आधार असतो तो इंजिनाचा. खालच्या गियरमध्ये ठेवलेले इंजिन गाडीला रोखून धरते आणि त्या वेळी इंजिनातील झडपा, स्प्रिंगा व कॅमशाफ्ट यांवर मोठा ताण येत असतो. हे भाग झाकणाखाली दडलेले असल्यामुळे ते बिघडेपर्यंत त्यांची आठवण कोणास होत नाही. ते बिघडले, तर एका लहानशा स्प्रिंगेपायी संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते. ट्रकवर ज्या कुटुंबाचा चरितार्थ चालतो, त्यास असे नुकसान सहसा झेपत नाही. यास्तव या भागांचे कार्य, त्यांच्या बिघाडाची लक्षणे व ते बदलण्याची योग्य रीत यांची माहिती वाहनमालक, चालक, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षक आणि शासकीय वाहनांची देखभाल पाहणारे अधिकारी या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत पाठात सहा सिलिंडरांचे, एका रांगेचे, ब्लॉकमध्ये कॅमशाफ्ट असलेले डिझेल इंजिन गृहीत धरले आहे. १९५४ मध्ये डाइमलर-बेंझ कंपनीच्या सहकार्याने टाटांचे ट्रक भारतात तयार होऊ लागले. तेव्हापासून या धाटणीची इंजिने आपल्या रस्त्यांवर परिचित झाली असून जुन्या ट्रक व टिपरांत ती आजही आढळतात.

रचना आणि कार्य

इंजिनात हवा आत घेण्यासाठी एक व जळलेला वायू बाहेर टाकण्यासाठी एक, अशा प्रत्येक सिलिंडरला निदान दोन झडपा असतात. गॅरेजच्या बोलीत त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. सहा सिलिंडरांच्या साध्या इंजिनात अशा बारा झडपा झाल्या. त्या योग्य क्षणी उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. हा एक लांब दांडा असून त्यावर प्रत्येक झडपेसाठी अंड्याच्या आकाराचा एक उंचवटा असतो; त्यास कॅम म्हणतात. कॅम फिरला की त्याचे नाक टॅपेटला वर उचलते, टॅपेट पुशरॉडला ढकलतो, पुशरॉड रॉकरचे एक टोक वर करतो आणि रॉकरचे दुसरे टोक झडपेस खाली दाबून उघडते. आडाच्या रहाटावरील दांडीप्रमाणे किंवा तराजूप्रमाणे रॉकरची ही क्रिया समजावी.

कॅमशाफ्ट झडप उघडतो, पण बंद करीत नाही. ते काम स्प्रिंगेचे होय. कॅमचे नाक पुढे सरकताच स्प्रिंग झडपेस तिच्या बैठकीवर परत आणते आणि टॅपेटला कॅमवर सतत टेकवून ठेवते.

चार टप्प्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. क्रँकशाफ्ट मिनिटाला २,४०० फेरे फिरत असेल, तर कॅमशाफ्ट १,२०० फेरे फिरतो; म्हणजे प्रत्येक झडप सेकंदाला २० वेळा उघडते व मिटते. एका तासाच्या प्रवासात ही संख्या ७२,००० होते. स्प्रिंगेची तार आणि कॅमचा पृष्ठभाग किती कष्ट सोसतात, याची कल्पना या हिशेबावरून यावी.

झीज व मोडतोड यांची कारणे

कॅमचा पृष्ठभाग मुद्दाम कठीण केलेला असतो. ओतीव लोखंडाचा कॅमशाफ्ट असल्यास ओततानाच कॅमचा भाग झपाट्याने थंड करून, आणि पोलादाचा असल्यास उष्णतेची प्रक्रिया देऊन, हा कठीणपणा आणला जातो. हे कठीण कवच फार जाड नसते. ते एकदा फुटले की आतील मऊ धातू वेगाने झिजतो. म्हणून कॅमवर बारीक खड्डे दिसू लागले, तर गाडी पुष्कळ चालेल अशा भरवशावर राहणे योग्य नव्हे.

कवच फुटण्याची मुख्य कारणे तीन आहेत. पहिले, वेळेवर न बदललेले किंवा धुळीने दूषित झालेले वंगणतेल. खाणींच्या व जांभ्याच्या प्रदेशातील तांबडी धूळ हवेच्या फिल्टरमधील फटीतून आत शिरली, तर ती तेलात मिसळून सहाणेवर घासावे तसे धातूला घासते. दुसरे, टॅपेटची चुकीची फट. फट जास्त असल्यास कॅम टॅपेटवर हातोडीसारखा आदळतो; फट नसल्यास झडप पुरती मिटत नाही आणि जळते. तिसरे कारण म्हणजे नव्या कॅमशाफ्टवर जुनी टॅपेट बसविण्याची काटकसर. जुन्या टॅपेटचे तोंड जुन्या कॅमच्या झिजेप्रमाणे घडलेले असते. ते नव्या कॅमवर सारखे टेकत नाही व थोड्याच अवधीत नवा कॅम खाऊन टाकते.

स्प्रिंग दोन प्रकारे निकामी होते : ती दमते किंवा मोडते. दमलेल्या स्प्रिंगेची उंची व जोर घटतो. मोडण्याची सुरुवात बहुधा तारेवरील एखाद्या ओरखड्यापासून किंवा गंजाच्या सूक्ष्म खड्ड्यापासून होते. त्यातच घाटातील अतिवेगाची भर पडते. डिझेल पंपातील गव्हर्नर इंधन मर्यादित करून इंजिनाचा वेग आवरतो. पण उतारावर भरलेल्या गाडीची चाकेच इंजिनाला फिरवू लागली, तर गव्हर्नरला काही करता येत नाही. समजा, इंजिनाची कमाल मर्यादा मिनिटाला २,८०० फेरे आहे आणि चुकीच्या गियरमुळे ती ३,६०० वर गेली. झडपेला परत आणण्यास लागणारे बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे येथे ते सुमारे १.६५ पट होते. एवढे बल स्प्रिंगेपाशी नसेल, तर झडप कॅमचा माग सोडून तरंगते आणि वर येणारा दट्ट्या तिच्यावर आदळतो. गाडी न्यूट्रलमध्ये उतरविणे तर याहून घातक, कारण मग सर्व भार ब्रेकवर पडतो. योग्य गियर उतार सुरू होण्यापूर्वीच घालावा आणि इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवावा, हाच त्यावर उपाय होय.

लक्षणे आणि निदान

कॅम झिजल्यास झडप कमी उघडते. सिलिंडरला पुरेशी हवा मिळत नाही, इंधन अर्धवट जळते, काळा धूर येतो आणि चढणीवर गाडी दम टाकते. हीच लक्षणे इंधनपंप किंवा इंजेक्टर बिघडल्यावरही दिसतात. येथेच पुष्कळदा फसगत होते. पंप उतरवून दुरुस्त केला जातो, इंजेक्टर बदलले जातात, पैसा खर्च होतो आणि धूर मात्र कायम राहतो. म्हणून पंपाला हात लावण्यापूर्वी हवेचा फिल्टर तपासावा आणि रॉकरचे झाकण काढून अर्ध्या तासाची पुढील तपासणी अवश्य करावी.

टॅपेटची फट नीट लावूनही काही दिवसांत ती पुन्हा वाढत असेल व टकटक आवाज परत येत असेल, तर कॅम किंवा टॅपेट झिजत असल्याचा संशय घ्यावा. मग प्रत्येक पुशरॉडच्या माथ्यावर डायल गेज टेकवून इंजिन हाताने फिरवावे आणि पुशरॉड किती उचलला जातो ते लिहून ठेवावे. आत घेणाऱ्या सहा झडपांचे आकडे एकमेकांशी व बाहेर टाकणाऱ्या सहांचे एकमेकांशी जुळले पाहिजेत. एखादा आकडा इतरांहून स्पष्टपणे कमी आला, तर दोषी कॅम सापडला असे समजावे. त्याच वेळी स्प्रिंगांवर दिवा धरून मोडलेले वेढे आहेत काय ते पाहावे. स्प्रिंग मोडूनही तिचे दोन तुकडे एकमेकांवर टेकून काही काळ काम देतात आणि चालकाला पत्ता लागत नाही.

पूर्वतयारी व उकलणी

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ओंडके लावावेत. टिपर असल्यास त्याचा हौदा खाली टेकलेला असावा. हौदा वर ठेवणे अपरिहार्य असेल, तर त्याला पोलादी टेकू दिल्याखेरीज कोणीही खाली जाऊ नये. इंजिन थंड झाल्यावर बॅटरीची तार सोडवावी, पाणी व तेल काढून घ्यावे आणि इंजिन बाहेरून धुवावे. इंजिन उघडल्यानंतर आत पडलेली मूठभर माती झिजलेल्या कॅमहून अधिक नुकसान करू शकते.

पहिल्या सिलिंडरचा दट्ट्या दाबाच्या टप्प्याच्या शेवटी अगदी वर आणावा. फ्लायव्हीलवरील किंवा पुलीवरील खूण त्यासाठी पाहावी. ही खूण दोन फेऱ्यांत दोनदा समोर येते, म्हणून खात्री करून घ्यावी लागते : पहिल्या सिलिंडरच्या दोन्ही झडपा मिटलेल्या असून त्यांच्या रॉकरांत फट असली, आणि सहाव्या सिलिंडरची एक झडप मिटत व दुसरी उघडत असली, तर स्थिती बरोबर आहे.

रॉकरांच्या दांड्याचे बोल्ट एकदम न सोडता थोडेथोडे, आळीपाळीने सैल करावेत. फळीला क्रमांक घातलेली बारा भोके पाडून पुशरॉड त्यांत क्रमाने उभे ठेवावेत. इंधनाच्या नळ्या सोडविल्यावर त्यांची व इंजेक्टरांची तोंडे लगेच झाकावीत. हेडचे बोल्ट दोन्ही टोकांकडून मध्याकडे सैल करीत यावे. त्यानंतर रेडिएटर, पंखा, पुढील पुली आणि टायमिंगचे झाकण काढले म्हणजे दंतचक्रे दिसू लागतात. क्रँक, कॅम व इंधनपंप यांच्या दंतचक्रांवर कारखान्याच्या खुणा असतात. त्या दिसत नसल्यास काहीही हलविण्यापूर्वी स्वतःच्या खुणा करून घ्याव्यात.

टॅपेट काढण्याच्या रीतीत इंजिनाप्रमाणे फरक पडतो. काहींत ती वरून ओढून काढता येतात. काहींत त्यांचे तोंड छत्रीसारखे रुंद असल्याने ती खालूनच निघतात; तेथे तेलाचे चेंबर उतरवून टॅपेट वर उचलून धरावी लागतात किंवा इंजिन खाली काढावे लागते. याविषयी इंजिनाच्या पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानाव्यात. शेवटी कॅमशाफ्टला पुढे-मागे सरकू न देणारी पट्टी सोडवून तो सरळ रेषेत, हळूहळू फिरवीत बाहेर घ्यावा. तो मध्येच झुकला, तर कॅमची कड बेअरिंगच्या मऊ बुशांना ओरखडते. म्हणून या कामास दोन माणसे असावीत.

कॅमशाफ्टबरोबर त्याच्या बुशांचीही झीज मोजावी. बुश सैल झाले असतील, तर तेलाचा दाब तेथेच गळून जातो आणि रॉकरपर्यंत पुरेसे तेल पोहोचत नाही. बुश बदलताना त्यांचे तेलाचे भोक ब्लॉकमधील भोकाशी तंतोतंत जुळले पाहिजे. ते न जुळल्यास नवा कॅमशाफ्ट कोरडाच फिरून नष्ट होईल.

स्प्रिंगा बदलणे

स्प्रिंग दाबून ठेवणारे अवजार लावूनच ती उतरवावी. पान्याने किंवा कांबीने दाबण्याचा उतावळेपणा करू नये. दाबलेली स्प्रिंग निसटली, तर डोळा जाऊ शकतो. काम करताना तोंड बाजूस ठेवावे व चष्मा वापरावा. स्प्रिंग दाबली जाताच तिच्या वाटीतील दोन अर्धगोल लॉक लोहचुंबकाने उचलून घ्यावेत.

हेड न उतरविता केवळ स्प्रिंगा बदलावयाच्या असतील, तर त्या त्या सिलिंडरचा दट्ट्या अगदी वर आणून मगच लॉक काढावेत. तसे न केल्यास झडप सिलिंडरमध्ये पडते आणि मग हेड उतरविण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

काढलेल्या स्प्रिंगा सपाट काचेवर एका रांगेत उभ्या कराव्यात. कोणती बुटकी झाली आहे, कोणती वाकडी आहे, हे डोळ्यांनीच कळते. उंची ठीक असूनही जोर कमी असू शकतो. म्हणून पुस्तिकेत दिलेल्या लांबीपर्यंत स्प्रिंग दाबण्यास किती किलोग्रॅम भार लागतो, ते वजनकाट्यावर पाहावे. एक स्प्रिंग मोडली असल्यास सर्वच बदलाव्यात, कारण उरलेल्यांनीही तेवढेच फेरे सोसलेले असतात.

काही इंजिनांत एका झडपेस दोन स्प्रिंगा, एकीत एक, बसविलेल्या असतात. त्यांचे वेढे परस्परविरुद्ध दिशेने वळलेले असतात. त्यामुळे एक मोडली तरी तिचा वेढा दुसरीत अडकत नाही, आणि दोघींची कंपने एकसारखी नसल्याने एक थरथरू लागली तरी दुसरी तिला आवरते. ज्या स्प्रिंगेचे वेढे एका टोकास दाट असतात, ते दाट टोक हेडच्या बाजूस बसवावे.

नव्या स्प्रिंगा घालण्यापूर्वी झडपेचा दांडा, त्याचे गाइड व बैठक तपासावी. झडप बैठकीवर घासून बसविल्यावर हेडच्या वाटेत थोडे रॉकेल ओतावे. काही मिनिटांत ते झडपेखालून झिरपले नाही, तर बैठक चांगली जमली असे समजावे. घासण्याचा मसाला मात्र कणभरही मागे राहता कामा नये. लॉक बसल्यावर स्प्रिंगेच्या वाटीवर लाकडी हातोडीने हलकेच ठोकून ते पक्के बसल्याची खात्री करावी.

जुळणी

नवा कॅमशाफ्ट व नवी टॅपेट स्वच्छ करून त्यांवर जुळणीचे दाट वंगण लावावे आणि कॅमशाफ्ट काढला तसाच, सरळ व सावकाश, आत घालावा. दंतचक्रांच्या खुणा जुळवाव्यात. एका दात्याची चूकही किती मोठी असते ते पाहण्यासारखे आहे. कॅमच्या दंतचक्रास ६० दाते असतील, तर एक दाता म्हणजे कॅमशाफ्टचे ६ अंश आणि क्रँकशाफ्टचे १२ अंश. डिझेल इंजिनात दट्ट्या वर असताना त्याच्या व हेडच्या मध्ये अगदी थोडी जागा असते. एवढ्या चुकीने झडप व दट्ट्या यांची गाठ पडू शकते.

हेडचे नवे गॅस्केट घालून बोल्ट मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळावेत. रॉकर बसवून टॅपेटांना प्राथमिक फट दिल्यावर इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवावे. कोठे अडले तर जोर न लावता तेथेच थांबावे व कारण शोधावे. मधले दंतचक्र असलेल्या इंजिनात दोन फेऱ्यांनंतर त्याच्यावरील खुणा पुन्हा जुळतीलच असे नाही. त्या चक्राचे दाते वेगळ्या संख्येचे असल्यास असे होते आणि त्यात चूक काही नाही.

टॅपेटची फट लावणे

या इंजिनांत सिलिंडर पेटण्याचा नेहमीचा क्रम १-५-३-६-२-४ असा असतो. त्यात १ व ६, ५ व २, ३ व ४ अशा जोड्या पडतात. जोडीतील एका सिलिंडरच्या झडपा उघडमिटीच्या संधीवर असताना दुसऱ्याची फट लावावी. म्हणजे सहाव्याच्या झडपा संधीवर असता पहिल्याची, दुसऱ्याच्या असता पाचव्याची, चौथ्याच्या असता तिसऱ्याची, आणि पुढे याच क्रमाने उरलेल्यांची. दर वेळी क्रँकशाफ्ट १२० अंश फिरवावा लागतो. बाहेर टाकणारी झडप अधिक तापून अधिक लांबते, म्हणून तिची फट बहुधा जास्त असते. पुस्तिकेत ०.२० व ०.३० मि. मी. असे लिहिले असेल, तर तेच पाते फीलर गेजमध्ये निवडावे. ते किंचित ओढ लागून सरकले पाहिजे. अंदाजाने किंवा आवाजावरून फट लावू नये.

पहिले चालविणे

इंधनाच्या वाटेतील हवा हातपंपाने काढून टाकावी. इंधन बंद ठेवून इंजिन स्टार्टरने थोडे थोडे फिरवावे आणि तेलाचा दाब दाखविणारा काटा वर आला की मगच इंजिन सुरू करावे. सुरू झाल्यावर ते मंद गतीवर घुटमळत ठेवू नये. कॅमना वंगण मुख्यतः उडणाऱ्या तेलाचे मिळते आणि मंद गतीत ते कमी उडते. म्हणून पहिली वीस ते तीस मिनिटे मध्यम गती ठेवावी. या काळात कॅम व टॅपेट एकमेकांशी जुळून घेतात. नंतर इंजिन पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे पुन्हा आवळून, फट तपासून, तेल व फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदलावेत.

दीर्घकाळ उभी राहिलेली वाहने

गोव्यातील खनिज वाहतुकीशी या विषयाचा विशेष संबंध आहे. पावसाळ्याचे महिने खाणींवरील ट्रक उभेच असतात. शिवाय २०१२ मध्ये व पुन्हा मार्च २०१८ पासून उत्खनन थांबले, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे या भागांतील असंख्य ट्रक दीर्घकाळ दारात उभे राहिले. उभ्या इंजिनात काही झडपा उघड्याच राहतात. त्यांच्या स्प्रिंगा सतत दाबलेल्या असतात आणि उघड्या वाटेने दमट हवा सिलिंडरमध्ये जाते. रॉकरच्या झाकणाखाली साचलेल्या ओलाव्याने स्प्रिंगेच्या तारेवर गंज चढतो. त्या खड्ड्यांतूनच पुढे तडा जातो. असा ट्रक केवळ नवी बॅटरी घालून सुरू करणे धोक्याचे आहे. आधी तेल बदलावे, रॉकरचे झाकण काढून स्प्रिंगा पाहाव्यात, झडपा दांड्यांत अडकल्या नाहीत याची हाताने इंजिन फिरवून खात्री करावी आणि गंजाचे खड्डे पडलेल्या स्प्रिंगा निःसंकोच बदलाव्यात. वाहन पुढे उभे ठेवायचे झाल्यास हवेची व धुराची तोंडे झाकून ठेवणे हिताचे.

शिक्षक व अधिकारी यांच्यासाठी

इ. स. १६७८ मध्ये रॉबर्ट हूक यांनी मांडलेला ताण व ताणवाढ यांच्या प्रमाणाचा नियम शाळेत शिकविला जातो. टाकून दिलेली झडपेची एक स्प्रिंग व वजनकाटा घेऊन तो वर्गात प्रत्यक्ष दाखविता येतो. नवी व दमलेली स्प्रिंग शेजारी ठेवून दाबल्यास दोहोंतील अंतर विद्यार्थ्यांच्या ध्यानी लगेच येते.

शासकीय ट्रकांच्या बाबतीत प्रत्येक वेळी लावलेल्या फटीची व पुशरॉडच्या उचलीची नोंद वाहनाच्या वहीत ठेवल्यास कॅमची झीज आकड्यांत दिसू लागते. पंपदुरुस्तीच्या मंजुरीपूर्वी ही नोंद पाहण्याची सवय ठेवल्यास अनाठायी खर्च टळेल. कॅमशाफ्टची मागणी मंजूर करताना टॅपेट, गॅस्केट व ऑईल सील यांना कात्री लावू नये. ती बचत नसून पुढील बिघाडाची तरतूद ठरते.

१ एप्रिल २०२० पासून भारत टप्पा ६ ची मानके लागू झाल्यानंतर नव्या ट्रकांत विद्युत्‌नियंत्रण आले असून काही इंजिनांत कॅमशाफ्ट हेडवर असतो. तेथील अवजारे व रीत वेगळी आहे. तथापि स्वच्छ तेल, योग्य फट, जुळलेल्या खुणा आणि उतारावर आवरलेला वेग, ही चार पथ्ये तेथेही तितकीच लागू पडतात. ती पाळणाऱ्याची गाडी घाटात सहसा दगा देत नाही.